समाजशास्त्राची प्राध्यापकी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम.ए. करणारी मुलं, दोन-दोन कॉलेजांत सीएचबी (तासिका तत्त्वावर, म्हणजे तासापुरत्या पैशांवर शिकवणं) करत एसटीने धावणारे मित्र आणि मधूनच एखादे काळजीत पडलेले वडील. प्रश्न बहुतेक यांचेच असतात, आणि तेच तेच असतात. म्हणून उत्तरं एकदा लिहून ठेवली. मी महाराष्ट्रातल्या एका अनुदानित सिनिअर कॉलेजात समाजशास्त्र शिकवते, तेव्हा उत्तरंही तिथलीच. नियम बदलतात, अर्ज भरण्याआधी चालू जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची.

१. मॅडम, सिनिअर कॉलेजात समाजशास्त्राचं प्राध्यापक व्हायला नेमकं काय लागतं?

समाजशास्त्रात एम.ए. किमान ५५ टक्क्यांनी, आणि नेट किंवा सेट (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा; नेट देशाची, सेट राज्याची). अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रिमीलेअर ओबीसी आणि दिव्यांग उमेदवारांना टक्केवारीत ५ ची सूट आहे. पीएचडी पाहिजेच, असं मध्यंतरी विद्यापीठांच्या विभागांसाठी ठरलं होतं, ते लांबणीवर पडलं, आणि जुलै २०२३ पासून यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) सहायक प्राध्यापकाच्या पदासाठी नेट-सेट हीच किमान पात्रता ठेवली. पण किमान पात्रता म्हणजे रांगेत उभं राहायची परवानगी. पुढे काय होतं ते प्रश्न ४ मध्ये.

२. बी.एड. केलेलं नाही. चालेल का?

सिनिअरला बी.एड. विचारत नाहीत. अकरावी-बारावीला, म्हणजे ज्युनिअरला, एम.ए. सोबत बी.एड. लागतं. दोन्ही वर्ग एकाच इमारतीत, एकाच स्टाफरूमच्या दोन टोकांना भरतात म्हणून गोंधळ होतो. नोकऱ्या मात्र वेगळ्या, वेतनश्रेणी वेगळी, खातंही वेगळं. ज्युनिअरचा समाजशास्त्र हा ऐच्छिक विषय आहे आणि बऱ्याच ठिकाणी तुकडीच नसते. आधी आपल्या जिल्ह्यात किती कॉलेजांत तो विषय चालतो ते बघा, मग बी.एड.ची फी भरा.

३. नेट द्यावी की सेट?

दोन्ही द्या. नेट देशभर चालते. सेट ज्या राज्याची, त्या राज्यापुरती; आपली सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं आणि ती महाराष्ट्र आणि गोव्यासाठी असते. (१ जून २००२ पूर्वीची सेट असेल तर देशभर चालते. अशी सेट असलेले लोक आता निवृत्तीकडे झुकलेत, पण प्रश्न येतो म्हणून सांगितलं.)

दोन्हींचा साचा एकच: पहिला पेपर ५० प्रश्नांचा, दुसरा विषयाचा १०० प्रश्नांचा, प्रत्येक प्रश्नाला २ गुण, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. फरक भाषेचा. सेटला मराठी प्रश्न मिळतात, नेटला इंग्रजी-हिंदी. मराठी माध्यमातून एम.ए. केलेल्यांना म्हणून सेट जवळची वाटते. मात्र कॉलेजच्या भरतीत छाननीचे गुण मोजताना यूजीसीच्या तक्त्यात सेटला ५, नेटला ८ आणि जेआरएफसह (संशोधन शिष्यवृत्तीसह) नेटला १० गुण आहेत. हे तीन-पाच गुण यादीत वर-खाली करतात.

तयारीबद्दल एकच सांगते. विषयाच्या पेपरला दहा घटक आहेत आणि मुलं सिद्धान्तांवरच वर्ष काढतात: मार्क्स, दुर्खाइम, वेबर, पुन्हा मार्क्स. संशोधनपद्धती, पर्यावरण आणि समाज, विज्ञान-तंत्रज्ञान आणि समाज हे घटक न उघडता परीक्षेला बसतात. गुण तिथेच सांडतात.

४. नेट झाली, तीन वर्षं झाली, नोकरी नाही. भरती चालते तरी कशी?

पद रिक्त झालं म्हणजे जाहिरात निघते असं नाही. संस्थेने शासनाकडून ना हरकत प्रमाणपत्र घ्यायचं, मागासवर्ग कक्षाकडून बिंदुनामावली (कोणतं पद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव, त्याचा तक्ता) तपासून घ्यायची, मग विद्यापीठाच्या मान्यतेने जाहिरात, मग निवड समिती, मुलाखत, विद्यापीठाची मान्यता, आणि शेवटी उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयातून पगार सुरू. यातला कोणताही कागद अडला की सगळं अडतं. शिवाय समाजशास्त्राची पदं एका कॉलेजात एक किंवा दोन. भूगोल-मराठीसारखी चार-पाच जणांची विभागफळी क्वचितच दिसते.

२०१८ च्या यूजीसी नियमावलीत कॉलेजसाठी छाननीचा तक्ता आहे. पदवी आणि एम.ए.च्या टक्क्यांना गुण, पीएचडीला २५, अनुभवाला वर्षाला २ असे जास्तीत जास्त १०, प्रकाशनांना थोडे. म्हणजे बी.ए.चे टक्केसुद्धा आयुष्यभर मागे येतात. बी.ए.च्या पहिल्या वर्षातल्या मुलांना मी हे सांगते तेव्हा ती हसतात.

आणि पैशांचं? दर महिन्याला कोणीतरी विचारतंच, थेट नाही, आडून. माझं उत्तर एकच: जिथे आकडा सांगितला जातो तिथून उठा. जमीन विकून लागलेला माणूस वर्गात उभा राहून विषमता शिकवतो तेव्हा काय होतं, हे मी इथे लिहीत नाही.

५. तोवर सीएचबी करावी का?

करावी, पण डोळे उघडे ठेवून. तासिका तत्त्वावर घेतलेल्या तासांचेच पैसे मिळतात. दिवाळी, मे, परीक्षेचा हंगाम कोरडा. बिलं मंजूर होऊन पैसे हातात यायला महिने जातात. बऱ्याच जणांना पहिल्या सत्राचे पैसे दुसरं सत्र संपताना मिळतात. त्याच पगारात एनएसएसचं शिबिर, नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फायली आणि प्रवेशाच्या काळात गावोगाव फिरून विद्यार्थी गोळा करणं हेही गळ्यात पडतं.

तरी करावी असं का म्हणते? शिकवायला उभं राहिल्याशिवाय आपल्याला विषय किती कळलाय ते कळत नाही. एम.ए.ला पाठ केलेला ‘संदर्भ समूह’ पहिल्या वर्षाच्या मुलीला समजावताना जीभ अडखळते, मग आपण पुन्हा वाचतो. विद्यापीठाची मान्यता असलेलं पत्र मात्र दर वर्षी घ्या. ते नसेल तर छाननीत अनुभव म्हणून काहीच दाखवता येत नाही. नियमित नोकरी लागल्यावर ही वर्षं बढतीसाठी धरतील अशी आशा ठेवू नका. त्यासाठी मोबदला नियमित शिक्षकाच्या पगाराएवढा असावा लागतो, आणि सीएचबीचा तो नसतो.

माझ्या मते सीएचबीला मुदत घालावी. पीएचडी पूर्ण होईपर्यंत, किंवा तीन-चार वर्षं. चाळिशी ओलांडून ‘पुढच्या वर्षी जागा निघणारच आहेत’ म्हणत राहिलेले हुशार लोक मला माहीत आहेत. मुलाखती घेणं, अहवाल लिहिणं, आकडेवारी वाचणं हे तुम्हाला येतं. सामाजिक संस्था, सर्वेक्षण करणाऱ्या एजन्सी आणि स्पर्धा परीक्षा यांकडे वळणं हा पराभव नाही.

६. पगार किती आणि बढती कशी मिळते?

सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाची सुरुवात शैक्षणिक स्तर १० वर, मूळ वेतन ५७,७००. त्यावर महागाई भत्ता वगैरे. पुढचे स्तर ११ (६८,९००), १२ (७९,८००), मग सहयोगी प्राध्यापक १३ए (१,३१,४००) आणि प्राध्यापक १४ (१,४४,२००). पहिली पायरी पीएचडी असेल तर ४ वर्षांनी, एम.फिल. असेल तर ५, दोन्ही नसेल तर ६ वर्षांनी. त्यानंतर ५ वर्षांनी स्तर १२. तिथून ३ वर्षांनी सहयोगी प्राध्यापक होता येतं, पण पीएचडी असेल तरच. म्हणजे नोकरीला लागताना पीएचडी नसली तरी चालते, पुढे अडते. मधे रिफ्रेशर कोर्सेस करावे लागतात.

१ नोव्हेंबर २००५ ला किंवा त्यानंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. हे एका मुलाच्या वडिलांनी विचारलं होतं.

७. आठवड्याला १६ तास? मग बाकीचा वेळ काय करता?

सहायक प्राध्यापकाला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन, सहयोगी आणि प्राध्यापकाला १४, हे खरं. त्यासोबत आठवड्याला किमान ४० तासांचा एकूण कार्यभारही नियमात आहे. एका तासाच्या लेक्चरला तयारी दोन तास, नवीन पेपर असेल तर पाच. मग पेपर तपासणी, अंतर्गत मूल्यमापन, प्रकल्पांचे तोंडी, समित्या. संशोधन होतं ते मे महिन्यात आणि रविवारी.

८. समाजशास्त्र म्हणजे कॉमन सेन्सच ना? सोपा विषय म्हणून मुलं घेतात म्हणे.

घेतात, खरंच. प्रवेशाच्या खिडकीवर ‘इतिहास नको, अर्थशास्त्र जमत नाही, मग समाजशास्त्र द्या’ असं चालतं. मला त्याचं वाईट वाटत नाही. नाइलाजाने आलेल्या मुलांना शिकवणं हेच या नोकरीतलं मुख्य काम आहे, आणि ते मला आवडतं.

पहिल्या महिन्यात मी एक गोष्ट करायला लावते. प्रत्येकाने आपल्या गावाचा नकाशा काढायचा. कागद साधा, माप-प्रमाण नको. देऊळ, शाळा, पार, विहीर, चावडी, कोणत्या आळीत कोण राहतं, स्मशानभूमी किती. मुलं पटापट काढतात. मग प्रश्न: या नकाशात तुम्ही कुठून उभं राहून बघताय? देवळाशेजारी घर असलेल्या मुलाच्या नकाशात बौद्धवस्ती कोपऱ्यात एक चौकोन असते, आत घरं नाहीत. बौद्धवस्तीतल्या मुलीच्या नकाशात घर न् घर असतं, नावांसकट, आणि देऊळ नुसता एक ठिपका. आणि स्मशानभूमी एका मुलाने एक काढलेली असते, त्याच गावातल्या दुसऱ्याने तीन. दोन कागद शेजारी ठेवले की वर्ग गप्प होतो. त्यानंतर सामाजिक स्तरीकरणाची व्याख्या सांगायला फार वेळ लागत नाही.

दुसरी गोष्ट नातेसंबंधांची. पुस्तकात आते-मामे भावंडांच्या विवाहाचं प्रकरण येतं तेव्हा मुली पुस्तकाच्या पुढे असतात. मामाच्या मुलीशी लग्न चालतं, आत्याच्या मुलीशी कमी घरांत चालतं, हे त्यांना कोणी शिकवायला नको. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये नातेव्यवस्थेचे भारतभरचे पट्टे मांडले आणि महाराष्ट्र उत्तर-दक्षिणेच्या मधल्या पट्ट्यात ठेवला तो याच कारणांनी. मग मी विचारते, मामाची मुलगी केली तर जमीन, हुंडा आणि सासू-सुनेचं नातं यांचं काय होतं? इथे कॉमन सेन्स संपतो. घरी चाललेली गोष्ट मोजून, तुलना करून, कारणासकट मांडता येणं, हा विषय तेवढाच आहे आणि तो सोपा नाही.

९. जातीवर वर्गात बोलताना भांडणं होत नाहीत का?

होतात. आरक्षणाच्या तासाला हमखास. मी दोन नियम ठेवलेत: ‘आमच्यात’ आणि ‘त्यांच्यात’ हे शब्द वापरायचे नाहीत, आणि जो दावा कराल त्याला दाखला द्यायचा. ‘आता जात कुठे राहिलीय’ असं म्हणणाऱ्या मुलाला मी वाद घालून उत्तर देत नाही. त्याच्या घरातल्या शेवटच्या दहा लग्नांची यादी करून आणायला सांगते. यादी तोच करतो, तोच वाचतो.

कोणाला स्वतःची जात वर्गात सांगायला लावायची नाही, हे मात्र कटाक्षाने. नकाशाचे कागदसुद्धा (प्रश्न ८) मी नावं झाकून दाखवते.

१०. मुलाखतीत ‘महाराष्ट्रातली समाजशास्त्राची परंपरा सांगा’ म्हणाले. काय सांगायचं?

सुरुवात मुंबई विद्यापीठापासून करा. १९१९ मध्ये पॅट्रिक गेडेस यांच्या नेतृत्वाखाली तिथे विभाग सुरू झाला. १९२४ मध्ये मालवणचे गो. स. घुर्ये प्रमुख झाले आणि पुढची साडेतीन दशकं त्यांनी तिथे माणसं घडवली. एम. एन. श्रीनिवास, इरावती कर्वे, ए. आर. देसाई, य. भा. दामले हे सगळे घुर्यांचे विद्यार्थी, आणि गंमत अशी की कोणीही घुर्यांची नक्कल केली नाही. देसाई मार्क्सवादी झाले, श्रीनिवास ग्रंथांवरून खेड्यात उतरले, इरावतीबाई बर्लिनहून पीएचडी करून १९३९ पासून डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या. विद्यार्थ्याला आपल्यासारखं न करणं ही घुर्यांची मोठी कमाई, असं माझं मत आहे, त्यांची स्वतःची इच्छा तशी असो वा नसो.

यादी इथेच संपवलीत तर मात्र एखादा परीक्षक अडवेल, आणि बरोबर अडवेल. मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या परिसंवादात डॉ. आंबेडकरांनी जातीच्या उगमावर निबंध वाचला, बाहेर मुली न देण्याचा नियम आणि बायकांवरचं नियंत्रण हे जातीच्या मुळाशी आहे असं मांडलं. तेव्हा मुंबईत विभागही नव्हता. तो निबंध समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमात मध्यभागी यायला कित्येक दशकं गेली. जात आणि स्त्रीप्रश्न एकत्र वाचायला हवेत हे पुण्यात समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी आग्रहाने शिकवलं; २०१३ मध्ये त्या गेल्या. त्यांचं शिकवण्यावरचं लेखन आपल्यासारख्या कॉलेजातल्या शिक्षकाला जास्त जवळचं आहे.

११. पीएचडीसाठी गाइड कसा शोधायचा?

आधी विषय ढोबळ ठरवा, मग माणूस. उलट केलं की गाइडचा उरलेला विषय तुमच्या वाट्याला येतो. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगीला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी राहिलेल्यांना नवीन विद्यार्थी घेता येत नाहीत, तेव्हा जन्मसाल विचारायला लाजू नका. किमान मुदत ३ वर्षं, कमाल ६, पुनर्नोंदणीने आणखी २; स्त्रिया आणि दिव्यांगांना त्यावरही २ वर्षांची सवलत मिळू शकते. स्त्रियांना संपूर्ण काळात एकदा २४० दिवसांपर्यंत बाळंतपणाची किंवा संगोपनाची रजा आहे. ‘लग्न ठरलंय, आता नोंदणी करू का नको’ असं विचारणाऱ्या मुलींना: करा. मुदत तुमच्या बाजूने आहे. घरचे बाजूने आहेत का, ते मात्र आधी विचारून घ्या.

एम.फिल. याच नियमांनी बंद झालं. जुनं असेल तर वैध आहे.

१२. संशोधनाला विषय सुचवा ना, मॅडम.

नाही सुचवणार. पण विषय कुठे सापडतात ते सांगते.

‘महिला सक्षमीकरण : एक समाजशास्त्रीय अभ्यास, विशेष संदर्भ अमुक तालुका’ असले विषय शेकड्याने झालेत. शीर्षकातला तालुका बदलला तरी निष्कर्ष तेच राहणार असतील तर तो विषय नाही. आसपास ज्या गोष्टीचं उत्तर लोक फार झटपट देतात तिथे थांबा. आमच्या कॉलेजात दसऱ्यानंतर पटावरची मुलं गायब होतात आणि सगळे म्हणतात, ऊसतोडीला गेली. पण कोण जातं आणि कोण आजीपाशी राहतं? मुलगी राहते की मुलगा? कोणत्या वर्षी राहते? हा विषय आहे.

इरावतीबाईंनीच आपल्या दारातला प्रश्न कसा घेतला बघा. कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी त्यांनी जाई निंबकर यांच्यासह केली, अहवाल १९६९ चा. महाकाव्यांतल्या नात्यांपासून धरणग्रस्तांच्या नव्या वसाहतींपर्यंत एकाच बाईची नजर जाते. त्याआधी त्यांनी फलटणसारखं वाढतं गाव आणि त्याभोवतीची खेडी अभ्यासली. विस्थापन, तालुक्याची गावं, जातपंचायती (२०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आल्यावर त्यांचं काय झालं?), चाकरमान्यांमागे उरलेली कोकणातली घरं, गिरण्यांच्या १९८२ च्या संपानंतरची दुसरी-तिसरी पिढी. हे सगळं पडून आहे. माझं स्वतःचं काम ऊसतोडीवर आहे, म्हणून पुढच्या उत्तरात तोच दाखला.

१३. १०० जणांची प्रश्नावली भरून घेतली. झालं ना फील्डवर्क?

प्रश्नावली कोणी बनवली आणि कोणाच्या भाषेत, यावर आहे. ऊसतोडीत ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल (आगाऊ रक्कम) देतो ती कोयत्याला, हिशोब कोयत्याचा, नाव बहुधा नवऱ्याचं. आता तुमच्या प्रश्नावलीत ‘तुमची दैनिक मजुरी किती?’ असा रकाना आहे. बाई फडात मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडीत चढवते, आणि या रकान्यापुढे ती गप्प राहते. तुम्ही शून्य लिहिता. शंभर शून्यांची सरासरी काढून ‘स्त्रियांचं उत्पन्न नगण्य’ असा निष्कर्ष छापता. चूक तिची नाही, रकान्याची आहे.

म्हणून आधी पंधरा-वीस लांब मुलाखती, चहा, मुक्काम, मग प्रश्नावली. गूगल फॉर्म व्हॉट्सॲपवर फिरवून मिळालेल्या उत्तरांना मी फील्डवर्क म्हणत नाही. ज्यांच्याकडे तो ग्रुप आहे त्यांचीच उत्तरं येतात.

टिपणांची प्रत दोन जागी ठेवा. १९७० मध्ये स्टॅनफर्डला लागलेल्या आगीत श्रीनिवासांनी रामपुरा गावावर वर्षानुवर्षं तयार केलेल्या टिपणांच्या तिन्ही प्रती एकदम जळाल्या, कारण तिन्ही तिथेच होत्या.

१४. स्वतःच्याच गावात, स्वतःच्याच जातीत संशोधन केलं तर चालतं का?

चालतं. इरावतीबाईंचा एम.ए.चा प्रबंध चित्पावनांवर होता, आणि त्या स्वतः चित्पावनच. अडचण वेगळी असते. आपल्याला सगळं माहीत आहे असं वाटून आपण विचारत नाही, आणि लोकांनाही वाटतं की याला काय सांगायचं. ‘तुला माहितीच आहे की’ हे वाक्य टिपणात आलं की तिथे खूण करा. तिथेच प्रश्न विचारायचा राहिलेला असतो. प्रबंध कोण वाचेल याचाही विचार करा. पुणे-मुंबईच्या परीक्षकाला नाव बदललेली व्यक्ती ओळखू येणार नाही, पण तुमच्या चुलत्याला दोन ओळींत येईल.

१५. मराठीत एम.ए. केलंय. मराठीत प्रबंध लिहिला तर किंमत राहील का?

आपल्या विद्यापीठांत मराठीत प्रबंध लिहिता येतो, आणि चांगला मराठी प्रबंध वाईट इंग्रजी प्रबंधापेक्षा नेहमीच चांगला. मराठी समाजशास्त्र परिषदेची अधिवेशनं दर वर्षी भरतात, तिथे वाचा. प्रश्न विचारणारे लोक भेटतात. इंग्रजी वाचायला मात्र यायलाच हवं. लिहू नका, बोलू नका, पण रोज चार पानं वाचा. गाइडबुकांच्या मराठीवर उभं राहिलेलं एम.ए. संशोधनात दुसऱ्या महिन्यात कोसळतं.

१६. पेपर कुठे छापायचा? दोन हजारांत आठ दिवसांत छापून देतो म्हणाले.

तिथे नाही. पीएचडीसाठी पेपर छापलाच पाहिजे ही सक्ती २०२२ च्या नियमांत नाही, त्यामुळे घाई कसली? पूर्वी यूजीसीची केअर यादी (मान्य नियतकालिकांची) दाखवून काम भागायचं. ती २०२५ मध्ये बंद झाली आणि निकष लावायची जबाबदारी संस्थांवर आली. साधी खूण सांगते: ज्या नियतकालिकाने तुमच्या लेखावर एकही शंका काढली नाही, त्याने तो वाचलेला नाही.

१७. नवीन शैक्षणिक धोरणात समाजशास्त्राची पदं कमी होणार का?

संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून मेजर-मायनरची (मुख्य आणि दुय्यम विषयांची) रचना आली. मेजर समाजशास्त्र घेणारे कमी झाले तर तास कमी, तास कमी तर पद धोक्यात, ही भीती खरी आहे. दुसरीकडे वाणिज्य-विज्ञानाच्या मुलांसाठी खुले ऐच्छिक विषय आणि क्षेत्रप्रकल्प आले. क्षेत्रप्रकल्प तर आपलंच घर. तो कोणीतरी इतर विभागाने फोटो काढण्यापुरता करण्याआधी आपण मागून घ्यावा. स्टाफ मीटिंगमध्ये तास वाटले जातात तेव्हा गप्प बसणाऱ्या विभागाला उरलेलं मिळतं.

१८. एम.एस.डब्ल्यू. किंवा मानवशास्त्राचं एम.ए. आहे, समाजशास्त्राची नेट आहे. चालेल?

सर्वांत चिवट प्रश्न. नियमात ‘संबंधित किंवा समकक्ष विषय’ असे शब्द आहेत आणि त्यांचा अर्थ प्रत्येक निवड समिती आपापल्या परीने लावते. मुलाखतीत निवड होऊन विद्यापीठाच्या मान्यतेत अडकलेली प्रकरणं होतात. जाहिरातीच्या विद्यापीठातल्या मान्यता विभागाला आधी लेखी विचारा आणि उत्तर लेखीच घ्या. फोनवरचं ‘चालतंय हो’ उपयोगाचं नाही.

१९. नेट-सेट नाही, पण पीएचडी आहे. अर्ज करू का?

यूजीसीच्या २००९ किंवा त्यानंतरच्या पीएचडी नियमांप्रमाणे पदवी मिळाली असेल तर २०१८ च्या नियमावलीत नेटमधून सूट आहे. ११ जुलै २००९ पूर्वीची नोंदणी असेल तर नियमित पद्धतीने केलेली पीएचडी, दोन बाह्य परीक्षक, खुली मौखिक परीक्षा, दोन प्रकाशित लेख आणि दोन परिषदांतली सादरीकरणं, यांचं विद्यापीठाकडून प्रमाणपत्र आणावं लागतं. २०२३ च्या बदलानंतर (प्रश्न १) काही जाहिराती नेट-सेटचाच उल्लेख करतात, म्हणून त्या जाहिरातीतली पात्रतेची ओळ अक्षरन् अक्षर वाचा.

परदेशी पीएचडीचंही इथेच सांगते, जर्मनी-अमेरिकेतून दोघा-तिघांनी विचारलंय. क्यूएस, टाइम्स हायर एज्युकेशन किंवा शांघाय यांपैकी एका क्रमवारीत पहिल्या ५०० मध्ये आलेल्या विद्यापीठाची पीएचडी असेल तर नेट लागत नाही. क्रमवारीतल्या त्या वर्षाच्या पानाची छापील प्रत अर्जासोबत जोडा. पदवीचं समकक्षता प्रमाणपत्र भारतात येण्याआधीच मागवायला घ्या. जाहिरात निघाल्यावर अर्जाला मिळणाऱ्या दिवसांत ते हातात पडत नाही.